ज्येष्ठमधाचा अर्क: क्रीममधला आणि काढ्यातला एकच का?

मृण्मयी: आई खोकल्यावर ज्येष्ठमधाचा काढा घेते. डागांच्या क्रीमवरही तेच नाव दिसलं. मग पूड पाण्यात उकळून चेहऱ्याला लावली तर चालेल ना?

रानहळद: फारसा उपयोग नाही हो. डागांवर काम करतं ते ज्येष्ठमधातलं ग्लॅब्रिडिन हे द्रव्य. मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला (एन्झाइमला) ते अडवतं, पण पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून तो अर्क अल्कोहोलसारख्या द्रावकात काढतात. पाण्यात उतरतं ते ग्लिसरायझिन, साखरेपेक्षा कितीतरी पट गोड. ज्येष्ठमधाच्या मिठाईत, चघळायच्या गोळ्यांत त्याचीच गोडी. शिवाय पूड उकळलेलं पाणी लवकर नासतं, ते चेहऱ्यावर नकोच.

ओवी: क्रीमच्या लेबलवर डायपोटॅशियम ग्लिसरायझेट (ग्लिसरायझिनचाच एक क्षार) असेल, तर ते लालसरपणा शमवायला असतं. डागांसाठी नाही.

मृण्मयी: अच्छा! आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे, काढा रोजचाच. काही हरकत?

रानहळद: आहे, आणि मोठी आहे! ग्लिसरायझिनने शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो. युरोपात रोज १०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा म्हणतात. काढा आजच थांबवा आणि डॉक्टरांना नक्की सांगा. सूज किंवा पायात गोळे येतात का, तेही आईला विचारा.