शोरूमचं १ लाख १४ हजारांचं इस्टिमेट: दरोडा, की न वाचलेला कागद?

जुना_ॲडव्हायझर (अमळनेर)

काल रावेरच्या केळीवाले भाऊंनी लिहिलं की त्यांच्या डिझेल सात-सीटरला शोरूमने १,१४,००० चं इस्टिमेट दिलं आणि तेच काम त्यांनी बाहेर २२ हजारात करून घेतलं. म्हणून शोरूम म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा आणि तिथे जाणारे सगळे येडे. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी रात्री दोनदा उत्तर लिहून पुसलं. आज पुसत नाही.

मी सात वर्षं धुळ्यात सर्व्हिस ॲडव्हायझर होतो. आता ठिबकचं दुकान आहे, तेव्हा कोणाचं मीठ खाऊन बोलत नाहीये.

भाऊ, ते 'तेच काम' नव्हतंच. तुम्हीच टाकलेल्या फोटोत ओळी स्पष्ट दिसतात. क्लच सेट १३,८००. फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचमधलं जड चाक) ३८,५००. स्टीअरिंग रॅक (स्टीअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग) ३३,०००. दोन लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे दांडे) ७,६००. मजुरी १४,२००. आणि ६,९०० चं 'व्हॅल्यू ॲडेड', त्यावर नंतर येतो. बाहेर काय झालं? क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रॅकला किट, आर्मला नुसते रबरी बुश. फ्लायव्हीलचं नावच नाही. तुमच्या गाडीला ड्युअल मास फ्लायव्हील आहे. त्याच्या आत स्प्रिंगा असतात, जुन्या जीपसारखं लेथवर फेस मारून (पृष्ठभाग घासून सपाट करून) भागत नाही. ९२ हजार किलोमीटरला गिअरबॉक्स उतरवलाच होता, तर ते हाताने फिरवून त्यात खेळ (ढिलेपणा) किती आलाय ते कोणी बघितलं का? एवढंच सांगा.

दुसरं, इस्टिमेट म्हणजे बिल नव्हे. गाडी खोलायच्या आधी ॲडव्हायझर वाईटात वाईट धरून लिहितो. कमी लिहिलं आणि नंतर 'साहेब, अजून १८ हजार लागतील' असा फोन केला, की गिऱ्हाईक काय बोलतं ते मी सात वर्षं ऐकलंय. तुम्ही आकडा ऐकूनच उठलात. कागद हातात घ्यायचा, एकेका ओळीवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हे आज नाही केलं तर काय होईल? अर्ध्या ओळींना ॲडव्हायझरकडे उत्तर नसतं. ज्याला उत्तर नाही ते खोडायचं. आणि काढलेले पार्ट डिकीत टाकून मागायचे, ते तुमच्या मालकीचे आहेत.

केळीवाला_रावेर

आला वकील. सात वर्षं लोकांना कापलं आणि आता ठिबक विकून पुण्य कमावतोय.

३३ हजारांचा रॅक माझ्या मेकॅनिकने साडेचार हजारांच्या किटमध्ये बसवला. आवाज बंद. स्टीअरिंग लोण्यासारखं. आता सांगा, ३३ कशाचे होते? आणि ॲडव्हायझरशी बोलायचं म्हणे! तो मले गाडीजवळसुद्धा जाऊ देईना. 'सर, आप लाउंज में बैठिए, कॉफी लीजिए.' मी रावेरचा, तो सावद्याचा, अन् माझ्याशी हिंदी बोलतो. त्या कॉफीचेच ६,९०० लावले असतील.

पान्हा_१२_१३ (भुसावळ)

माझं स्वतःचं गॅरेज आहे, म्हणजे मी केळीवाले भाऊंच्या बाजूने बोलायला पाहिजे. पण ॲडव्हायझर बरोबर विचारतोय. फ्लायव्हील बघितलं का?

रॅकचं मात्र भाऊंचं खरं. आम्ही रॅक खोलतो, बुश आणि सील बदलतो, कित्येक गाड्या दोन-दोन वर्षं बिनबोभाट चालतात. शोरूमला खोलायची परवानगीच नसते, अख्खी असेंब्ली फेका. तिथला पोरगा नट खोलतो आणि नट लावतो. तो मेकॅनिक नाही, तो पार्ट बदलणारा.

पण आमचंही दुःख ऐका. नव्या गाडीला लॅपटॉप लावल्याशिवाय काही कळत नाही. स्कॅनर घेतला तर दर वर्षी अपडेटचे पैसे वेगळे. हाताखाली पोरगं टिकत नाही, सहा महिन्यांत पुण्याला पळतं. आणि गिऱ्हाईक! पार्ट ऑनलाइन मागवून स्वतः आणतो, बसवायला मला देतो, बिघडला की शिव्या मला. उधारीचं तर विचारूच नका. 'केळीचे पैसे आले की देतो.' केळीचे भाव पडले की माझे पैसे बुडाले, आणि भाव चढले की साहेब नवीन गाडी घेऊन शोरूमला जातात.

केळीवाला_रावेर

@पान्हा, केळीवाल्यांवर कशाला घसरता? मी रोख दिलेत.

पान्हा_१२_१३ (भुसावळ)

तुम्ही नाही हो. तुमचे भाऊबंद. नावं सांगत नाही.

मेहरूणची_मैना (जळगाव)

सगळे पुरुष 'बाहेरचा मेकॅनिक म्हणजे देवमाणूस' असं लिहितात, म्हणून लिहिते.

माझी गाडी मीच चालवते, मीच सांभाळते. ब्रेकचा आवाज येत होता म्हणून घराजवळच्या गॅरेजवर नेली. त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, 'साहेब नाही आले का?' साहेब पाचोऱ्याच्या शाळेत असतात, म्हटलं मला सांगा. तर फोन लावून द्या म्हणाला. मग ज्या माणसाला डिस्क आणि ड्रम कळत नाही त्याला फोनवर समजावत बसला, आणि मी शेजारी उभी. पॅड टाकले, पैसे घेतले, बिल मागितलं तर हसला. चार महिन्यांत पॅड संपले. डबा कंपनीचा, माल डुप्लिकेट.

शोरूममध्ये महाग पडतं, मान्य. पण माझ्या नावाने जॉब कार्ड बनतं, काय बसवलं ते पार्ट नंबरसकट छापून येतं. कॉफीही मी पिते. हजार-दोन हजार जास्त गेले तर ते मी माणूस म्हणून वागवल्याचे समजते. तुमच्या 'भरवशाच्या माणसा'चा भरवसा फक्त भाऊ लोकांसाठी असतो.

पान्हा_१२_१३ (भुसावळ)

ताई, वाईट वाटलं वाचून. पण एकावरून सगळे...

मेहरूणची_मैना (जळगाव)

एक नाही. तीन गॅरेज. तिन्हीकडे 'साहेब'.

रिटायर्ड_गार्ड (भुसावळ)

मूळ मुद्दा कोणी बोलतच नाही. लोअर आर्म का जातात? रॅक का जातो? रस्त्यामुळे! जळगावहून धुळ्याला जाऊन बघा. फागणे ते तरसोद चौपदरीकरण, त्या कामाची वाट बघण्यात आमची किती वर्षं गेली? इकडून वळवा, तिकडून वळवा, खडी, धूळ, परत खड्डा. मी नोकरीत असताना आमच्या गाडीला अर्धा तास उशीर झाला तर लेखी कारण द्यावं लागायचं. यांना कोणी कारण विचारलं? आर्मचे ७,६०० ठेकेदाराकडून वसूल करा.

पांझरा_काठ (धुळे)

काका, धुळ्याच्या हद्दीत रस्ता लवकर गुळगुळीत झाला होता. जळगावकरांना नेते मोठे मिळाले, रस्ता मात्र नाही.

रिटायर्ड_गार्ड (भुसावळ)

धुळेकरांनी रस्त्यावर बोलू नये. तुमच्या शहरातून गाडी बाहेर काढेपर्यंत क्लच जातो.

शहादेकर

तुम्ही दोघं भांडा. आम्ही अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावरचे, आमच्याकडे भांडायलाही रस्ता शिल्लक नाही. आणि रावेरचे भाऊ, तुमच्याही दारावरून तोच जातो. पावसाळ्यात तळोदा ते शहादा गाडी चालवून दाखवा, मग आर्म, लिंक रॉड, शॉकॲब्सॉर्बर सगळं कळेल. माझ्या गाडीची शोरूम सर्व्हिस धुळ्याला. जाऊन येऊन दिवस गेला, डिझेल वेगळं. 'पार्ट उद्या येईल' म्हटले की दुसरी खेप. इस्टिमेटमध्ये ती ओळ कुठे असते?

पांझरा_काठ (धुळे)

मग सुरतला जा.

शहादेकर

जातोच. तिथे निदान पार्ट असतो.

पांझरा_काठ (धुळे)

गुजरातले जा, गुजरातनाच गुण गा. मग मत बी तठेच दे.

शहादेकर

क्लच प्लेटवरून मतदानावर आलात. धुळेकर ते धुळेकरच.

हिशोबनीस_चाळीसगाव

रस्ते पुरे. दोन गोष्टी विचारतो, दोन्ही पैशाच्या.

एक, त्या इस्टिमेटची तारीख काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्ट्सवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. आधी बहुतेक पार्ट्सवर २८ होता. जुन्या दरपत्रकातून आकडे उचलून तर लिहिले नाहीत ना? मागच्या महिन्यात माझ्या एका अशिलाच्या इस्टिमेटमध्ये हेच निघालं. दाखवल्यावर 'सिस्टीम अपडेट नव्हती' म्हणे. सिस्टीम नेहमी त्यांच्याच बाजूला चुकते.

दोन, 'बाहेर काम केलं तर वॉरंटी जाईल' ही जी भीती घालतात तिच्याबद्दल. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड लावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून. नुसतं बाहेर काम केलं या कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही त्यात होतं.

पान्हा_१२_१३ (भुसावळ)

२०१४ ना? मला अजून स्कॅनरचं सॉफ्टवेअर दिल्लीच्या जुगाडूकडूनच घ्यावं लागतं. आदेश फ्रेम करून गॅरेजात लावतो, खाली उदबत्ती.

केळीवाला_रावेर

माझी गाडी वॉरंटीबाहेर आहे, तो भाग सोडा. पण बघा, आयोगसुद्धा म्हणतो लुटतात. ॲडव्हायझर साहेब कुठे गेले? आणि ६,९०० चं 'नंतर येतो' म्हणाले होते. आले नाहीत.

जुना_ॲडव्हायझर (अमळनेर)

आलो. दुकानात गिऱ्हाईक होतं.

६,९०० म्हणजे इंजिन फ्लशिंग, एसीचं जंतुनाशक, उंदीर पळवायचा स्प्रे, अंडरबॉडी कोटिंग असलं काहीतरी. रोज संध्याकाळी सहाला मीटिंग व्हायची. किती गाड्या आल्या हे कोणी विचारत नव्हतं. गाडीमागे 'व्हॅल्यू ॲडेड' किती विकलं ते विचारायचे. आकडा आला नाही तर सगळ्यांसमोर उभं करायचे. एकदा साक्रीकडचे एक तात्या कापूस विकून आले, फक्त ऑइल बदलायला. मी त्यांना साडेचार हजारांचं पेंट कोटिंग विकलं. गाडी पांढरी, गोठ्याजवळ उभी राहणारी. तात्यांनी विचारलं, 'पोऱ्या, हाई करनं गरजेनं शे का?' मी हो म्हणालो. त्या महिन्यात माझं टार्गेट झालं.

तेव्हा 'सात वर्षं कापलं' हे अर्धं खरं आहे. घ्या.

पण रॅक आणि फ्लायव्हील त्यात मिसळू नका. रॅक आम्हाला खोलता येत नव्हता, कंपनीचा नियम. पान्हाभाऊंचं काम तिथे सरस आहे, तेही मान्य. ६,९०० आणि ३३,००० खोडले की राहतात ७४,१००. त्यातून रॅकची मजुरी गेली. आर्मला बुश टाकायचे ठरवले तर अजून थोडे. फ्लायव्हील आणि क्लच शोरूमला, बाकी बाहेर, असा मार्ग होता. तुम्ही मधली वाट बघितलीच नाही. १,१४,००० ऐकलं, कॉफी सोडली आणि निघालात.

केळीवाला_रावेर

कॉफी पिऊन निघालो होतो.

मेहरूणची_मैना (जळगाव)

😄

पण ॲडव्हायझरदादा, तात्यांचे साडेचार हजार परत केले का?

जुना_ॲडव्हायझर (अमळनेर)

नाही, ताई. पगार अठरा होता.

पांझरा_काठ (धुळे)

म्हणजे इकडे टार्गेट, तिकडे डुप्लिकेट. मधे आपण. १९१५ ला फोन लावा, ग्राहक हेल्पलाइन आहे.

हिशोबनीस_चाळीसगाव

लावाच. आधी लेखी तक्रार मात्र शोरूमला द्या, पोच घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फीसुद्धा नाही. पण कागद लागतो. शोरूमचा कागद असतो, म्हणून त्यांना खेचता येतं. २२ हजार रोख देऊन बिल न घेतलेल्याने तिथे जाऊन काय दाखवायचं? केळीचा घड?

केळीवाला_रावेर

बिल घेतलं नाही हे खरं. घेतलं असतं तर १८ टक्के वर मागितले असते.

रिटायर्ड_गार्ड (भुसावळ)

टॅक्स चुकवायचा आणि रस्ता चांगला पाहिजे!

केळीवाला_रावेर

काका, तुम्ही थांबा हो.

पान्हा_१२_१३ (भुसावळ)

सगळं झालं, माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून नाही. फ्लायव्हील?

केळीवाला_रावेर

नाही बदललं. मेकॅनिक म्हणाला चालून जाईल.

जुना_ॲडव्हायझर (अमळनेर)

गाडी बंद करताना खालून खडखड येते का? न्यूट्रलला उभी असताना?

केळीवाला_रावेर

(दोन तासांनी)

येते. आठवडा झाला. मले वाटलं सायलेन्सरची पट्टी ढिली आहे. पोरगा म्हणत होता गिअरबॉक्सकडून येतेय, मी त्याला गप्प केलं.

यावरून शोरूम साधू ठरत नाही. रॅक अजून लोण्यासारखा आहे, हे लिहून ठेवा.

पान्हा_१२_१३ (भुसावळ)

लिहिलं. गाडी घेऊन या, बघतो. फ्लायव्हील खराब निघालं तर गिअरबॉक्स परत उतरवावा लागेल, म्हणजे मजुरी दुसऱ्यांदा. पार्ट तुम्ही शोरूमच्या काउंटरवरून बिलासकट आणा, ऑनलाइनचा आणू नका. आणि रविवारी येऊ नका.

केळीवाला_रावेर

येतो. बागेतली कटाई झाली की येतो.

पान्हा_१२_१३ (भुसावळ)

रोख ना?