लेकीची पहिली गाडी: छोटी नवी की मामाची जुनी मोठी?

प्रश्न: लेकीला नुकतंच लायसन्स मिळालंय. हे म्हणतात छोटी नवी घेऊ, पार्किंगला बरी. माझा भाऊ त्याची जुनी मोठी द्यायला बसलाय, म्हणे पत्रा जाड आहे. लेकीला फक्त सनरूफ हवंय. बघायचं तरी काय?

उत्तर १: ताई, जाड पत्र्यावर जाऊ नका. धडक बसली की पुढचा भाग चुरगळून धक्का शोषतो, माणसं बसतात तो सांगाडा मात्र टिकला पाहिजे. भावाच्या गाडीत ईएससी, म्हणजे घसरती गाडी सावरणारी यंत्रणा, आहे का विचारा. एबीएसमुळे चाकं जाम होत नाहीत, म्हणून करकचून ब्रेक दाबला तरी गाडी वळवता येते. ईएससी गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून तिला ताळ्यावर आणतं. नवख्या हाताला हेच हवं. सनरूफ गेलं खड्ड्यात!

उत्तर २: जुनी घेतलीच तर टायरच्या कडेवर DOT ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर कडक होतं.

प्रश्नकर्ती: आत्ताच फोन केला, ईएससी नाही. भाऊ जरा रुसलाय. आता नवीतल्या दोन उरल्यात.

उत्तर १: मग लेकीलाच बसवा दोन्हींत. क्लच पूर्ण दाबता येतो का, मागचं नीट दिसतं का, ते तिलाच कळेल.