पायथन लायब्ररीचं रिलीज किती महिन्यांनी काढावं?

फावल्या_वेळचा:
पायथन लायब्ररी आहे, थोडा भाग सी एक्स्टेन्शनचा (सी भाषेत लिहिलेला, कंपाइल करावा लागणारा). मेंटेनर (देखभाल करणारे) चार, सगळे नोकरी सांभाळून. आजवर ‘तयार झालं की काढू’ असंच चाललं होतं. मागच्या दोन रिलीजमध्ये 14 महिन्यांचं अंतर पडलं. आता वेळापत्रक लावायचंय. दीड महिना, तीन, सहा की वर्ष? ब्राउझरवाले चार आठवड्यांनी काढतात, मग आपल्याला का जमू नये?

बॅकपोर्टवाला:
ब्राउझर स्वतःच अपडेट होतो, म्हणून जमतं. जुनं धरून बसणाऱ्यांसाठी फायरफॉक्सलाही ईएसआर (जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती) वेगळी चालवावी लागतेच. तुमची लायब्ररी मात्र लोक रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये (लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीत) ठरावीक आवृत्ती बांधून वापरणार.

आधी सपोर्ट किती महिने देणार ते ठरवा. त्याला सायकलच्या (दोन रिलीजमधल्या अंतराच्या) महिन्यांनी भागलं की एका वेळी किती ब्रँच (आवृत्तीनिहाय कोडच्या शाखा) जिवंत ठेवायच्या ते कळतं. 18 महिने सपोर्ट आणि 3 महिन्यांची सायकल म्हणजे 6 ब्रँच. एक सुरक्षा दुरुस्ती आली की सहा ठिकाणी चेरी-पिक (तेवढाच बदल उचलून लावणं), सहा वेळा सीआय (आपोआप चालणाऱ्या चाचण्या), सहा टॅग (रिलीजच्या खुणा); आणि जुन्या ब्रँचवर पॅच (बदल) बऱ्याचदा जसाच्या तसा बसत नाही. चार माणसांत हे झेपायचं नाही. 6 महिन्यांची सायकल आणि 12 महिने सपोर्ट धरा, दोनच ब्रँच राहतात. पोस्टग्रेसक्यूएल (डेटाबेस) पाच ब्रँच सांभाळतं (वर्षाला एक मोठी आवृत्ती, पाच वर्षं सपोर्ट), पण तिथली फौज वेगळी. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसनेही 2021 मध्ये वर्षाला चारवरून तीन रिलीज केली.

आरसी_आठवा:
मग वर्षालाच एक का नको? कारण वर्षाची गाडी चुकली की पुढची थेट पुढच्या वर्षी, त्यामुळे फ्रीझच्या (नवे बदल घेणं थांबवण्याच्या) आदल्या आठवड्यात सगळे अर्धेकच्चे पॅच घुसवायला बघतात. लिनक्स कर्नलमध्ये मर्ज विंडो (नवे बदल घ्यायची मुदत) दोन आठवड्यांची, मग दर आठवड्याला एक आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे फायनलआधीची चाचणी आवृत्ती), सातव्या-आठव्या आरसीनंतर रिलीज. पुढची गाडी नऊ-दहा आठवड्यांत येतेच, म्हणून ‘या वेळी नाही’ असं सांगता येतं.

सहा महिन्यांत अंदाजे 22 आठवडे कामाला, मग ब्रँच तोडून आरसी 1, पुढचे तीन-चार आठवडे फक्त रिग्रेशनच्या (आधी चालणारं बिघडलं त्याच्या) दुरुस्त्या. आरसीनंतर मोठा बदल घ्यावाच लागला तर नवी आरसी काढा, थेट फायनल नको. तारीख हलवायची नाही. अपुरं फीचर रिव्हर्ट करा (मागे घ्या). आणि पिप (पायथनचं इन्स्टॉल करणारं साधन) आरसी आपणहून उचलत नाही, ‘--प्री’ (--pre) हा पर्याय द्यावा लागतो. नुसती अपलोड करून कोणी तपासत नाही. तुमच्यावर अवलंबून असलेल्या दोन-तीन प्रकल्पांच्या सीआयमध्ये ‘--प्री’चा जॉब लावून घ्या.

डेब_बांधणारी:
महिने कुठले, हेही बघा. पायथन 3.9 पासून नवी आवृत्ती दर ऑक्टोबरला येते. तिचा एबीआय (कंपाइल केलेला कोड पायथनशी जुळण्याचे नियम) आरसी 1 ला, म्हणजे ऑगस्टच्या आसपास गोठतो. तेव्हापासून व्हील (आधीच कंपाइल केलेली पॅकेजं) बांधून पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यावर) चढवता येतात. व्हील नसेल तर पिप सोर्स घेऊन कंपाइल करायला जातो, समोरच्याकडे कंपायलर नसतो, आणि ‘इन्स्टॉल होत नाही’चे इश्यू तुमच्या दारात. उबुंटू या लिनक्स वितरणाचा फीचर फ्रीझ एप्रिलच्या रिलीजसाठी फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आणि ऑक्टोबरच्यासाठी ऑगस्टच्या मध्यावर असतो. म्हणून त्याआधीचे जानेवारी आणि जुलै सोयीचे. नव्या पायथनच्या व्हीलसाठी ऑगस्टअखेर एक छोटं पॉइंट रिलीज (नवी फीचर नसलेलं मधलं रिलीज).

एक जाता जाता: ‘दोन रिलीजनंतर हे फंक्शन काढू’ असं लिहिलं असेल तर ते बदला. 14 महिन्यांच्या चालीत त्याचा अर्थ 28 महिने होता, आता 12 होईल. मुदत महिन्यांत लिहा.

फावल्या_वेळचा:
म्हणजे जानेवारी-जुलै, दोन ब्रँच. मधेच सुरक्षेचं काही निघालं तर?

बॅकपोर्टवाला:
वेळापत्रकाला न विचारता पॉइंट रिलीज. फक्त त्यात ती दुरुस्ती सोडून दुसरं काहीही नको, नाहीतर लोक घाईने अपडेट करायला कचरतात.