कॉन्फिग फाइल वाचायला-लिहायला वेगळी लायब्ररी कशाला?

रात्रपाळी: आमचं टूल पॅकमन.कॉन्फमध्ये, म्हणजे आर्च लिनक्सच्या पॅकमन या पॅकेज मॅनेजरच्या कॉन्फिग फाइलमध्ये, एक रेपो (पॅकेजेस जिथून येतात तो साठा) घालतं, बस्स. टीममधला एकजण म्हणतो यासाठी धड लायब्ररी घेऊ. अरे, आयएनआयच (सेक्शन आणि की-व्हॅल्यूच्या ओळी, बस्स) तर आहे, दहा ओळींच्या रेजेक्समध्ये (मजकूर शोधायचा पॅटर्न) होतंय, उगाच डिपेन्डन्सी कशाला गळ्यात बांधायची?

खटपट्या: "आयएनआयच तर आहे" म्हणून मीही एक अख्खी रात्र घालवलीये. पायथनचा कॉन्फिगपार्सर (आयएनआयची लायब्ररी) लावला, तर पॅकमनच्या कलर, चेकस्पेस या सेटिंग्जना व्हॅल्यूच नसते, तिथेच आडवा. ते चालवून घेतलं तर एका सेक्शनमध्ये सर्व्हर ही की दोनदा आली म्हणून परत एरर, आणि स्ट्रिक्ट (तीच की दोनदा चालणार नाही हा नियम) बंद केलं तर फक्त शेवटचा सर्व्हर उरला, बाकीचे गुपचूप गायब. वर लिहिताना कॉमेंट साफ आणि सगळ्या कीज स्मॉल लेटरमध्ये, जे पॅकमन ओळखतच नाही.

रात्रपाळी: मग हे माझ्याच बाजूचं झालं की! रेजेक्सने बाकी फाइलला हातसुद्धा लावला नसता.

कोरा_कागद: चुकीची लायब्ररी घेतली म्हणून लायब्ररीच नको? तुझं रेजेक्स रेपो शेवटी चिकटवतं ना, पॅकमनमध्ये वरच्या रेपोचा मान आधी, म्हणजे तेच पॅकेज वर कुठे असेल तर तुझा रेपो नुसता शोभेला. वाचणं सोपंच असतं हो, खरी गोम लिहिण्यात. टॉमल हा दुसरा कॉन्फिग फॉरमॅट घे, त्यासाठीचं पायथन 3.11 मधलं टॉमललिबसुद्धा फक्त वाचतं. कॉमेंट, मोकळ्या ओळी जशाच्या तशा ठेवायच्या तर टॉमलकिट किंवा रस्टचं टॉमल-एडिट, रस्टमध्ये डिपेन्डन्सी जोडणारी कार्गो ॲड कमांड या टॉमल-एडिटवरच चालते.

खटपट्या: एनपीएमआरसीचं, म्हणजे जावास्क्रिप्टच्या एनपीएम पॅकेज मॅनेजरच्या कॉन्फिग फाइलचं, तर विचारूच नका. टोकनच्या (लॉगिनची गुप्त किल्ली) जागी लोक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं नाव ठेवतात, लायब्ररीने वाचताना ते उलगडलं आणि तसंच परत लिहिलं की खरं टोकन फाइलमध्ये उघडं, आणि ती फाइल गिटमध्ये असेल तर झालंच कल्याण.

रात्रपाळी: बघा, म्हणजे लायब्ररीपेक्षा मीच बरा.

कोरा_कागद: तुला ते आधी सुचलं असतं का पण?

रात्रपाळी: नसतं. बरं, मी मूळ फाइल शिवतच नाही, आपली वेगळी फाइल टाकतो आणि इन्क्लूडने (दुसरी फाइल ओढून घेणारी ओळ) जोडतो, डेबियन-उबुंटूच्या ॲप्टमध्ये वेगळ्या रेपो-फाइलींसाठी सोर्सेस.लिस्ट.डी फोल्डर असतं तसं.

कोरा_कागद: हे पटलं. फक्त ती इन्क्लूडची ओळ नेमकी कुठे घालायची ते कोण ठरवणार, रेजेक्स?