बुलेट ३५० (कास्ट आयर्न): चढावर खालच्या आरपीएमला ओढ नाही, कार्ब (कार्ब्युरेटर) सेटिंगसाठी मदत हवी

गाडी पॉइंटवाली (ठिणगी कॉन्टॅक्ट पॉइंटने पडते), चार गिअरची. मूळचा मिककार्ब व्हीएम २४ काढून व्हीएम २८ बसवलाय, एअरबॉक्सऐवजी कोन फिल्टर, सायलेन्सर फ्री फ्लो (कमी अडथळ्याचा). सपाटीला ६० च्या पुढे मस्त पळते. ताम्हिणीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये ३५ वर आली की मूठ पिळताच गचका खाते, कार्बमधून फुटते. हळू पिळली तर उचलते. प्लग पांढरट, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. पायलट जेट (आयडलिंगचं पेट्रोल देणारं छिद्र) मोठा टाकू की नीडल (मधल्या मुठीचं पेट्रोल ठरवणारी सुई) वर घेऊ?

प्रतिसाद १

"हळू पिळली तर उचलते" यातच उत्तर आहे. २८ चं तोंड क्षेत्रफळाने २४ पेक्षा ३६ टक्के मोठं. त्याच आरपीएमला स्लाइड (मुठीने उचलली जाणारी कार्बमधली झडप) पूर्ण वर असेल तर हवेचा वेग पाऊणपटीच्याही खाली येतो, आणि जेटमधून पेट्रोल ओढतो तो हा वेगच. व्हीएमला ॲक्सिलरेटर पंप (एकदम पिळल्यावर जादा पेट्रोल मारणारा) नाही. एकदम पिळलं की सिलिंडरमध्ये जवळपास नुसती हवा जाते. ७० बाय ९० चं लाँग स्ट्रोक इंजिन खालीच ओढायला बनलंय, त्याची ती ओढ का घालवायची? २४ चा कार्ब आणि एअरबॉक्स परत लावा. जेटला तोवर हात नको.

बसवताना कार्बचा फ्लँज (इंजिनला नटने जोडला जाणारा सपाट भाग) नीट बघा. नट जास्त आवळून तो मधोमध वाकतो आणि तिथून हवा खेचतो. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून फ्लँज घासा. सगळीकडे सारखी चमक आली की थांबा. गॅस्केटचा काठ आत डोकावतो का ते बोट फिरवून तपासा. मग आयडलिंगला जोडावर साबणाचं पाणी मारा. आरपीएम हलला तर गळती आहेच, पुढचं सेटिंग फुकट.

एअर स्क्रू इंजिन गरम असताना लावा. हलकेच पूर्ण बंद, मग दीड आटा उघडा, पुढे पाव-पाव आट्याने जिथे आरपीएम सर्वात वर जाईल तिथे सोडा. आयडलिंग १००० च्या आसपास आणा. हा हवेचा स्क्रू आहे, आत गेला की मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. एका आट्याच्या आतच बरं चालत असेल तर पायलट जेट एक नंबर मोठा. अडीचच्या बाहेर जावं लागलं तर एक नंबर लहान.

प्रतिसाद २

पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी आहे ना? ऑटो ॲडव्हान्सच्या (आरपीएमप्रमाणे ठिणगी आधी पाडणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा सैल असतील तर खालीच टायमिंग पुढे जातं, चढावर ठोका येतो आणि लोक कार्बला दोष देतात. टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) थंड इंजिनवर, कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सर्वात वर असताना) लावा: पुशरॉड बोटांनी फिरावा, वर-खाली खेळ नको.

धागाकर्ता

२४ आणि एअरबॉक्स लावला, फ्लँज घासला. स्क्रू पावणेदोनला बसला. ३५ वरून आता उचलते. पाव ते अर्ध्या मुठीत किंचित अडखळ उरलीय.

प्रतिसाद १

आता नीडलची पाळी. क्लिप एक खाच खाली, म्हणजे नीडल वर. मुठीवर टेप लावून पाव-अर्ध्याच्या खुणा करा, त्याच चढावर अर्ध्या मुठीत खेचा, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करा आणि प्लग काढा. बिस्किटी रंग हवा. काळा पडून फडफडली तर क्लिप परत वर. दोन्ही खाचांवर जमलं नाही तर नीडल झिजलीय. नीडल आणि नीडल जेट जोडीनेच बदला, एकटी नवी नीडल जुन्या रुंदावलेल्या जेटमध्ये काही कामाची नाही. फ्री फ्लोचं बघू, आधी हे करून कळवा.