आजोबांच्या दुनळीवर गंज, आणि नळीवर नागमोडी नक्षी

देवगडचा_बागायतदार
आजोबा गेल्यापासून त्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती. गेल्या महिन्यात माझ्या नावे परवाना झाला आणि ती घरी आली. त्यांच्याच चामडी म्यानात घालून ठेवली, तर पंधरा दिवसांत नळ्यांवर तांबूस पुरळ! पुसल्यावर खाली लाटांसारखी नक्षी दिसतेय. आजोबा खोबरेल लावायचे. तेच लावू का? कलमांवर वानर फार येतात, आवाजापुरता एक बार काढावा म्हणतो. हल्लीची काडतुसं चालतील ना?

बाणकोटचे_भाऊ
अहो, बार अजिबात काढू नका! ती नक्षी म्हणजे डमास्कस नळी. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून एकजीव केलेली. या नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या. नळ्या उतरवून खालच्या बाजूचे शिक्के वाचा. बंदूक विलायती असेल आणि तिथे ‘नायट्रो प्रूफ’, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासल्याचा शिक्का, नसेल, तर आजचं काडतूस तिला घालायचं नाही.

दुसरं, नळीत काडतूस बसतं ते घर मोजून घ्या. जुन्या दुनळ्यांचं घर बहुधा अडीच इंची, म्हणजे सुमारे ६५ मिमी. आजची काडतुसं सर्रास ७० मिमीची. फसगत अशी की ती आत गुमान बसतात, कारण ७० ही उडाल्यावर तोंड उघडलेल्या काडतुसाची लांबी. मग ते तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं आणि दाब वाढतो.

खोबरेल नको, ते पुढे चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल घ्या, बोटभर फडक्याला, तेवढं पुरे. चामडं आपल्या हवेत ओल धरतं, म्हणून म्यान फक्त प्रवासात. आणि नळ्यांची तोंडं खाली करून ठेवा. आमच्या वडिलांची दुनळी वर्षानुवर्षं दस्त्यावर उभी होती. तेल उतरून दस्त्याचं लाकूड काळं आणि मऊ पडलं, ते मला अजून लागतं.

गुहागरची_माहेरवाशीण
नळीतून उजेडाकडे बघितल्याशिवाय काही करू नका हं. आमच्याकडे गणपतीनंतर बंदूक काढली तर डाव्या नळीत कुंभारमाशीचं मातीचं घर! तसाच बार काढला असता तर नळी फाटली असती.

देवगडचा_बागायतदार
भाऊ, शिक्के पाहिले. ‘नायट्रो’ कुठेच नाही. नळ्या आतून स्वच्छ आहेत.

बाणकोटचे_भाऊ
मग एक करा. सुट्या नळ्या खालच्या आकड्याला (हुकाला) दोरी बांधून टांगा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा नाद यायला हवा.

देवगडचा_बागायतदार
फुटक्या मडक्यासारखा आला.

बाणकोटचे_भाऊ
दोन नळ्यांमधल्या पट्टीचं डाक, म्हणजे झाळलेला जोड, सुटलंय. आत पाणी शिरून न दिसणारा गंज चढतो. परवानाधारक कारागिराकडेच द्या, गावच्या वेल्डरकडे मुळीच नको. त्या आचेने नळी कायमची जाईल. तोवर तेलाचा हात देऊन कपाटात कुलपात ठेवा. वानरांसाठी फटाके आहेत.

देवगडचा_बागायतदार
सोमवारी पोलीस ठाण्यात विचारून, कागद घेऊन निघतो. म्यान आजोबांचं आहे, ते वेगळं जपेन.