बायबल छापलं म्हणजे समाज 'पोहोचलेला' नव्हे
काही जण म्हणतात की भाषेत बायबल आलं की तो समाज 'पोहोचलेला' (म्हणजे ख्रिस्ती संदेश पोहोचलेला) धरावा. तसं धरत नाहीत. जोशुआ प्रोजेक्ट या, अशा समाजांची यादी ठेवणाऱ्या ख्रिस्ती संशोधन उपक्रमाचा निकष माणसांवर आहे: इव्हँजेलिकल (बायबल आणि धर्मप्रसारावर भर देणारे ख्रिस्ती) २ टक्के किंवा कमी आणि एकूण ख्रिस्ती ५ टक्के किंवा कमी, तर गट 'न पोहोचलेला'. शिवाय दक्षिण आशियात गट नुसत्या भाषेवर नाही, जातीवरही पाडतात. म्हणून मराठी नवा करार (बायबलचा दुसरा भाग) १८११ मध्येच बंगालमधल्या सेरामपूरहून निघाला, तरी कित्येक मराठीभाषक जाती त्या यादीत आजही आहेत.

नव्या भाषेत बायबलचं भाषांतर करताना खरं नुकसान होतं ते मसुद्याच्या तपासणीत. मसुदा आधी न पाहिलेल्या माणसांना उतारा मोठ्याने वाचून दाखवा आणि 'काय घडलं ते सांगा' म्हणा. 'समजलं का?' विचारलंत तर पाहुण्याचा मान राखायला सगळे 'हो' म्हणतात. भाषांतर तपासणाऱ्या सल्लागाराला ती भाषा येत नसते, म्हणून त्याच्यासाठी उलट भाषांतर (मसुदा त्याला कळणाऱ्या भाषेत परत आणणं) करायला वेगळाच माणूस घ्या. मूळ अनुवादक बसला की कागदावरचा नाही, मनातला अर्थ लिहितो आणि चूक झाकली जाते. वाचणारे थोडे असतील तर आधी ध्वनिमुद्रण करा, छपाई मागाहून. आवाज मात्र त्याच समाजातला हवा.